एनएसई-बीएसईची बल्क डील यादी: फुकट आहे, उत्तम आहे, पण छोट्या शेअरमध्ये ती नीट वाचायला हवी

रेटिंग आधीच सांगून टाकतो. एक्स्चेंजच्या यादीला पाचपैकी चार, आणि तीच यादी रंगवून विकणाऱ्या पेड अलर्ट सेवांना एक, तोही मी जी वापरली तिचा मेसेज वेळेवर यायचा म्हणून.

छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाने रोज संध्याकाळी बघायलाच हवी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे एनएसई आणि बीएसई या एक्स्चेंजच्या (शेअरबाजारांच्या) वेबसाइटवर येणारी बल्क डील आणि ब्लॉक डीलची, म्हणजे त्या दिवशीच्या मोठ्या खरेदी-विक्रीची यादी. लॉगिन नाही, फी नाही, सीएसव्ही फाइल उतरवून घेता येते, जुन्या तारखांचा डेटा पण मिळतो. शेअरचं नाव, क्लायंटचं नाव, बाय की सेल, किती शेअर्स आणि सरासरी भाव, बस्स एवढेच कॉलम. आणि या एवढ्याशा टेबलवरून आपल्याकडे रोज किती व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तयार होतात ते सगळ्यांना माहितीये, "मोठ्या फंडाने एन्ट्री मारली", "स्मार्ट मनी आत गेलाय", "उद्या अपर सर्किट पक्कं" (म्हणजे भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला टेकणार). या फॉरवर्डवर विश्वास ठेवून लोक खरंच पैसे लावतात, माझ्या ओळखीतले निवृत्त शिक्षक पण लावतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ब्लॉक आणि बल्क यातला घोळ मिटवू कारण फॉरवर्डमध्ये दोन्ही एकच समजून लिहितात. ब्लॉक डील ही वेगळ्या खिडकीत होते, सकाळी ८:४५ ते ९ आणि दुपारी २:०५ ते २:२० अशा दोन खिडक्या आहेत, दोन पार्ट्यांचं आधी ठरलेलं असतं, भाव ठरलेल्या पट्ट्यातच ठेवावा लागतो आणि डिलिव्हरी घ्यावीच लागते (शेअर्स खात्यात यायलाच हवेत), सौदा उलटवता येत नाही. २०१८ पासून यासाठी किमान १० कोटींची ऑर्डर लागायची, बाजार नियामक सेबीच्या ऑक्टोबर २०२५ च्या परिपत्रकाने ती मर्यादा २५ कोटी केली आणि भावाचा पट्टा एक टक्क्यावरून तीन टक्के केला. आता विचार करा, ज्या कंपनीचं मार्केट कॅप (सगळ्या शेअर्सची मिळून किंमत) ४० कोटी आहे तिच्यात २५ कोटींचा ब्लॉक कुठून होणार? म्हणजे कुणी तुम्हाला एखाद्या १२ रुपयाच्या शेअरमध्ये "ब्लॉक डील झाली" असा मेसेज पाठवला तर बहुतेक वेळा ती ब्लॉक नसतेच, ती बल्क डील असते, आणि दोघींचे नियम खूप वेगळे आहेत.

बल्क डीलचा नियम २००४ चा आहे. एका क्लायंटने एका दिवसात कंपनीच्या लिस्टेड शेअर्सपैकी ०.५ टक्क्यांहून जास्त घेतले किंवा विकले की त्याचं नाव यादीत येतं. हे सगळं नेहमीच्या बाजारात होतं, वेगळी खिडकी वगैरे काही नाही. डिलिव्हरीची अट पण नाही. सकाळी घेतले आणि दुपारी विकले तरी नाव येणार, फक्त दोनदा येणार, एकदा बाय मध्ये एकदा सेल मध्ये.

या ०.५ टक्क्यातच सगळी गोम आहे. आकडा टक्क्यात आहे, रुपयात नाही. ४ नोव्हेंबर २०१९ ला राकेश झुनझुनवालांनी यस बँकेचे साधारण १.२९ कोटी शेअर्स ६७.१० च्या भावाने घेतले आणि नाव एनएसईच्या बल्क यादीत आलं, ते जवळपास ८७ कोटी रुपये होतात. आता दुसरीकडे एक कंपनी धरा, दोन कोटी शेअर्स, भाव १८ रुपये, म्हणजे ३६ कोटींची कंपनी. तिचे ०.५ टक्के म्हणजे एक लाख शेअर्स, म्हणजे १८ लाख रुपये. एवढ्यात एक बऱ्यापैकी एसयूव्ही येते. यादीत मात्र दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, त्याच फॉन्टमध्ये, त्याच कॅपिटल अक्षरांत. रुपयांचा कॉलम नाही, टक्केवारीचा कॉलम नाही. गुणाकार आपण करायचा. आणि लोक तो करत नाहीत, हीच मोठी अडचण आहे. "बल्क डील" एवढं वाचलं की डोळ्यासमोर कोट्यवधी रुपये येतात आणि प्रत्यक्षात कुणीतरी १८-२० लाख घातलेले असतात, जे कुठल्याही तालुक्याच्या गावातला बऱ्यापैकी व्यापारी घालू शकतो.

यस बँकेचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठी पण लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाव एवढं मोठं, रक्कम एवढी मोठी, आणि चारच महिन्यांनी ५ मार्च २०२० ला बँकेवर मोरॅटोरियम आला, म्हणजे खातेदारांच्या पैसे काढण्यावर मर्यादा आली. मोठं नाव आत गेलं म्हणजे शेअर सुरक्षित झाला असं काही नसतं हे इतक्या मोठ्या बँकेत दिसलं, मग १८ रुपयाच्या कंपनीत तर विचारूच नका.

आता उलट बाजू पण सांगायला हवी नाहीतर अर्धवट होईल. ते १८ लाख रुपये म्हणून छोटे असले तरी त्या शेअरच्या भावाला ते छोटे नाहीत. समजा त्या कंपनीत प्रमोटरकडे (कंपनीच्या मालकमंडळींकडे) ७२ टक्के आहेत, म्हणजे बाजारात फिरणारे शेअर्स साधारण ५६ लाख, त्यातले एक लाख म्हणजे जवळपास पावणेदोन टक्के माल एका दिवसात एका हातात गेला. रोजचं व्हॉल्यूम ३०-४० हजार असेल तर हा अडीच-तीन दिवसांचा माल झाला. म्हणून भाव हलतो, सर्किट लागतं. म्हणजे थोडक्या पैशात भाव हलवता येतो आणि वर नाव पण छापून येतं. ऑपरेटरसाठी, म्हणजे भाव मुद्दाम खेळवणाऱ्यासाठी, याहून स्वस्त जाहिरात दुसरी नाही, आणि हे मी रागाने नाही तर आकडेमोड करून सांगतोय.

वाचायची पद्धत सांगतो, माझी आहे, तुम्हाला पटली तर घ्या.

सगळ्यात आधी मी सेलची ओळ शोधतो. बाय वाचून सगळेच खूश होतात पण प्रत्येक घेतलेला शेअर कुणीतरी विकलेला असतोच ना. यादीत बाय आणि सेल वेगवेगळ्या ओळीत येतात, कुणी कुणाकडून घेतलं ते लिहिलेलं नसतं, पण छोट्या शेअरमध्ये बऱ्याचदा अंदाज बांधता येतो. घेणाऱ्याचे दीड लाख, विकणाऱ्याचे दीड लाख, भाव पैशापर्यंत सारखा, तर हा आधी ठरवून केलेला सौदा असण्याची शक्यता खूप जास्त. एक मिनिटाचा चार्ट उघडून बघा, सगळं व्हॉल्यूम एकाच कांडीत, म्हणजे एकाच मिनिटात, दिसेल. यात बेकायदेशीर काही असेलच असं नाही, एखादा जुना गुंतवणूकदार बाहेर पडतोय आणि दुसरा येतोय, ब्लॉकच्या खिडकीत जायला २५ कोटी नाहीत म्हणून साध्या बाजारात केलं, होतं असं. पण याला "मागणी वाढली" म्हणता येत नाही. माल एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला. आणि कपाटं एकाच घरातली आहेत का हे यादी सांगत नाही.

मग विकणारा कोण हे बघायचं. यासाठी बीएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं पान उघडून शेअरहोल्डिंग पॅटर्न बघावा लागतो, एक टक्का किंवा जास्त असलेल्या पब्लिक शेअरहोल्डरची नावं दर तिमाहीला येतात, तिमाही संपल्यावर २१ दिवसांत. विकणारा त्यात सापडला तर छान. नाही सापडला तर कंपनीच्या अनाउन्समेंटमध्ये जुनी प्रेफरन्शियल अलॉटमेंटची (ठरावीक लोकांना थेट शेअर्स दिल्याची) पीडीएफ शोधा, त्यात कुणाला किती शेअर्स किती रुपयाला दिले त्याची यादी असते. ही पीडीएफ छोट्या शेअरमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे असं माझं ठाम मत आहे आणि ती कुणीही उघडत नाही. २०२२ पासून प्रमोटर नसलेल्यांचा प्रेफरन्शियलचा लॉक-इन (शेअर्स विकता न येण्याचा काळ) एक वर्षावरून सहा महिन्यांवर आलाय. म्हणजे कुणाला १० रुपयाने शेअर्स मिळाले, सहा-सात महिन्यांत भाव ९० झाला, आणि लॉक-इन सुटल्याच्या आठवड्यात बल्क यादीत त्याच नावांच्या सेलच्या ओळी यायला लागल्या, तर बाय बाजूला कुणाचं पण नाव असू दे, तुम्हाला कळलं पाहिजे की माल कुणाकडून कुणाकडे चाललाय.

हे काल्पनिक वाटत असेल तर भारत ग्लोबल डेव्हलपर्सचं प्रकरण वाचा. सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये अंतरिम आदेश काढून त्या शेअरचं ट्रेडिंगच थांबवलं. आदेशाप्रमाणे नोव्हेंबर २०२३ मध्ये १६.१४ रुपयांवर असलेला शेअर वर्षभरात १,७०२.९५ पर्यंत गेला, म्हणजे १०५ पट. मध्ये प्रेफरन्शियलने शेअर्स वाटलेले, कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर्स त्या अलॉटींच्या हातात, मोठमोठ्या ऑर्डर मिळाल्याच्या घोषणा, आणि लॉक-इन सुटल्यावर काहींनी विक्री केली ज्यातला नफा सेबीने २७० कोटींच्या वर मोजला. ज्याने अलॉटमेंटची यादी आणि लॉक-इनची तारीख शेजारी शेजारी ठेवली असती त्याला रोजचं सर्किट बघून मोह झाला नसता.

तिसरं म्हणजे तेच नाव दोन्ही बाजूला आहे का. ग्रॅव्हिटॉन रिसर्च कॅपिटल, एचआरटीआय, क्यूई सिक्युरिटीज अशी नावं तुम्हाला यादीत वारंवार दिसतील, एकाच दिवशी एकाच शेअरमध्ये बाय पण आणि सेल पण, आणि दोन्हीतला फरक अगदी थोडा. या कॉम्प्युटरवर वेगाने ट्रेडिंग करणाऱ्या फर्म आहेत, त्यांचा धंदाच तो आहे, सकाळपासून हजारो सौदे केले आणि बेरीज ०.५ टक्क्यांच्या वर गेली म्हणून नाव आलं. त्यांना कंपनी काय बनवते याच्याशी घेणंदेणं नसतं आणि असायचं कारण पण नाही. पण फॉरवर्डवाले काय करतात, फक्त बायची ओळ कापून स्क्रीनशॉट फिरवतात, "ग्रॅव्हिटॉनने ११ लाख शेअर्स उचलले". सेलची ओळ लगेच खाली असते, ती कापलेली असते. मला या प्रकाराची खरंच चीड येते कारण ती ओळ दिसली असती तर समोरच्याने पैसे घातलेच नसते. म्हणून स्क्रीनशॉटवर कधीच जाऊ नका, मूळ यादी उघडा, दोन मिनिटं लागतात. सीएसव्ही उतरवायची, एक्सेलमध्ये नावावर फिल्टर लावायचा, बाय वजा सेल करायचं. निव्वळ आकडा शून्याच्या जवळ आला तर ती ओळ पुसून टाका.

इथे एक बारकावा आहे जो मला फार उपयोगी पडतो. शेअर ट्रेड टू ट्रेड मध्ये आहे का ते बघा, एनएसईवर बीई सिरीज, बीएसईवर टी किंवा एक्सटी ग्रुप. तिथे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करताच येत नाही, घेतलं की डिलिव्हरी. त्यामुळे अशा शेअरमधली बल्क बाय ही खरी डिलिव्हरीची बाय असते, तिचं वजन जास्त. साध्या सिरीजमध्ये असेल तर एनएसईच्या भावकॉपीत (रोजच्या भावांच्या फाइलमध्ये) त्या दिवसाची डिलिव्हरी टक्केवारी बघायची, दिवसभरात १० लाख शेअर्स फिरले आणि डिलिव्हरी १५ टक्के, तर यादीतली मोठमोठी नावं बहुतेक दुपारी साडेतीनच्या आत बाहेर पडलेली आहेत. आता ट्रेड टू ट्रेडमध्ये शेअर गेलाय म्हणजे एक्स्चेंजला पण त्यात काहीतरी खटकलंय हेही तितकंच खरं, एएसएम, जीएसएम आणि जून २०२३ पासून छोट्या कंपन्यांसाठी आलेलं ईएसएम या एक्स्चेंजच्या खास देखरेखीच्या पद्धती आहेत, यातल्या कुठल्या टप्प्यात शेअर आहे ते बल्क यादी सांगत नाही, वेगळं बघावं लागतं. ईएसएमच्या दुसऱ्या टप्प्यात दोन टक्क्यांचा पट्टा असतो, तिथे विकायचं म्हटलं तरी घेणारा मिळेलच याची खात्री नाही.

एसएमई शेअरमध्ये (छोट्या-मध्यम कंपन्यांच्या वेगळ्या प्लॅटफॉर्मवरच्या शेअरमध्ये) अजून एक. लिस्टिंगच्या दिवशी बल्क यादीत एखाद्या ब्रोकिंग फर्मचं नाव बाय बाजूला दिसलं की लोक उड्या मारतात. आधी प्रॉस्पेक्टसमध्ये मार्केट मेकर कोण आहे ते बघा. एसएमईमध्ये तीन वर्षं मार्केट मेकर असणं सक्तीचं आहे, त्याला दोन्ही बाजूला भाव द्यावाच लागतो, लोक विकायला आले तर त्याला घ्यावं लागतं. म्हणजे त्याच्या नावावरची बाय ही कधीकधी दुसऱ्यांच्या विक्रीचीच खूण असते! आणि मग ३० आणि ९० दिवसांनी अँकर गुंतवणूकदारांचा (आयपीओ खुला होण्याआधी शेअर्स घेणाऱ्या संस्थांचा) लॉक-इन सुटतो, अर्धा अर्धा, त्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि त्या आठवड्यात सेलच्या ओळी वाचा.

विकणारा एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) किंवा ट्रस्टी कंपनी असेल तर माझे कान उभे राहतात. प्रमोटरने शेअर्स गहाण ठेवले होते का ते लगेच तपासायचं. गहाण माल सावकाराने बाजारात काढला तर यादीत नाव सावकाराचं येतं, प्रमोटरचं नाही, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी फंड बाहेर पडला. प्रत्यक्षात मालकाचीच अडचण असते.

"फंड" या शब्दाबद्दल पण थोडं. यादीत नावामागे फंड, कॅपिटल, ग्लोबल, अपॉर्च्युनिटीज असं काही असलं की म्युच्युअल फंड आला असं समजू नका. म्युच्युअल फंडाचं नाव स्पष्ट असतं, त्याची योजना असते, तो दर महिन्याला पोर्टफोलिओ जाहीर करतो, तिथे जाऊन ताळा करता येतो. ज्या परदेशी फंडाचं नाव तुम्ही कधी ऐकलं नाही आणि जो फक्त ५०-१०० कोटींच्याच कंपन्यांत दिसतो, त्याच्या मागे पैसा कुणाचा हे बल्क यादीवरून कळायचा मार्ग नाही. अशा वेळी मी ते नाव मागच्या वर्षभराच्या फाइलमध्ये शोधतो, आधी कुठल्या शेअरमध्ये दिसलं, कधी घेतलं, कधी सोडलं, आणि त्यानंतर त्या शेअरचं काय झालं. चार-पाच शेअर्सचा इतिहास सारखाच निघाला, आधी बाय, मग सर्किट, मग घोषणा, मग घसरण, तर मी लांब राहतो. यासाठी जुना डेटा फुकट मिळतो हेच या सेवेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य आहे.

आता यादीत जे येतच नाही त्याबद्दल, कारण चारच स्टार त्यामुळे आहेत.

०.५ टक्क्यांच्या खाली काहीच दिसत नाही. दहा खात्यांतून प्रत्येकी ०.४९ टक्के विकले तर एका दिवसात ४.९ टक्के कंपनी विकली जाते आणि यादी कोरी. रोज थोडं थोडं विकलं तरी कोरी. एनएसईची यादी एनएसईवरचे सौदे दाखवते, बीएसईची बीएसईवरचे, त्यामुळे दोन्ही याद्या बघाव्या लागतात आणि तरीसुद्धा माल दोन्हीकडे वाटून काढला असेल तर निसटतो. म्हणून बाय दिसली आणि नंतर सेल दिसली नाही याचा अर्थ तो अजून आत आहे असा घेऊ नका. आत येताना दारातून, वाजत गाजत, जाताना खिडकीतून, असं सर्रास होतं. ताळा एकच, तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न. मे महिन्यात कुणी १.३ टक्के घेतले, जुलैमध्ये आलेल्या जूनच्या यादीत एक टक्क्यावरच्या नावांत तो नाही, म्हणजे जूनअखेर त्याच्याकडे एक टक्काही उरलेला नाही. पाच टक्क्यांच्या वर गेला तर दोन कामकाजाच्या दिवसांत वेगळा खुलासा द्यावा लागतो, तो अनाउन्समेंटमध्ये दिसतो.

आणि बाजाराबाहेर झालेले व्यवहार यात येतच नाहीत. एलएस इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सेबीच्या फेब्रुवारी २०२५ च्या अंतरिम आदेशात असं नोंदवलंय की कंपनीचे १२ टक्क्यांहून जास्त शेअर्स एका अनिवासी भारतीयाला चक्क एका डॉलरला दिले गेले. उत्पन्न जवळजवळ शून्य असलेल्या या कंपनीचा शेअर जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये २२.५० वरून २६७.५० झाला होता. एवढा मोठा हिस्सा एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि तो एक्स्चेंजच्या स्क्रीनवरून गेलाच नाही, कारण एका डॉलरचा सौदा बाजारात होऊच शकत नाही. म्हणजे यादी स्वच्छ आहे म्हणून शेअर स्वच्छ आहे असं अजिबात नाही.

साधना ब्रॉडकास्टचं पण लक्षात ठेवा. २०२२ च्या जुलैमध्ये यूट्यूबवर खोट्या माहितीचे व्हिडिओ आले, कंपनीला कुठला मोठा उद्योगसमूह घेणार वगैरे, आणि त्याआधीपासून ज्यांच्याकडे माल होता त्यांनी तो वर विकला असं सेबीच्या आदेशात आहे. दोन हजारांच्या आसपास असलेले छोटे भागधारक पंचावन्न हजारांच्या वर गेले. ही त्रेपन्न हजारांच्या आसपास माणसं प्रत्येकी थोडे थोडे शेअर्स घेतात, ०.५ टक्क्यांच्या जवळपास पण जात नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव कुठल्याच बल्क यादीत येत नाही. यादीत सेल बाजूला नाव आहे आणि बाय बाजूला कुणीच नाही असं जेव्हा दिसतं तेव्हा समोर कोण असतं, तर तुमच्या-आमच्यासारखे शेकडो लोक. ही रिकामी जागा वाचायला शिका, मला तरी त्या टेबलमधली ती सगळ्यात जास्त बोलणारी जागा वाटते.

आता पेड सेवेचं. मी एका अलर्ट अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, नाव लिहीत नाही. मिळायचं काय, तर एक्स्चेंजवर आधीच आलेली ओळ, हिरव्या पट्टीत, वर "स्मार्ट मनी अलर्ट" असं लिहून. रुपयात किती ते नाही, फ्री फ्लोटच्या (बाजारात फिरणाऱ्या शेअर्सच्या) किती टक्के ते नाही, त्याच नावाची त्याच दिवशी सेल आहे का ते नाही. सेलचे अलर्ट का येत नाहीत असं सपोर्टला विचारलं तर उत्तर आलं की ते वरच्या प्लॅनमध्ये आहेत. म्हणजे अर्धी बातमी विकायची आणि उरलेल्या अर्धीचे पैसे वेगळे. हे मला अत्यंत चुकीचं वाटतं, आणि ज्यांना शेअरबाजार नवीन आहे त्यांच्यासाठी हे सरळ सरळ घातक आहे, कारण त्यांना बाय सोडून दुसरं काही दिसतच नाही. रिन्यू केलं नाही. टेलिग्राम चॅनेलबद्दल तर बोलायलाच नको, जो कुणी बल्क डील दाखवून "घ्या" म्हणतो त्याचा सेबीचा रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक मागा, आयएनएच ने सुरू होतो, आणि तो सेबीच्या साइटवर टाकून बघा. बहुतेक जण क्रमांक मागितला की ग्रुपमधून काढून टाकतात.

एक्स्चेंजकडून मला हवंय ते फार नाही. रुपयांचा कॉलम द्या, कंपनीच्या एकूण शेअर्सच्या किती टक्के ते द्या, बाय वजा सेल करून निव्वळ आकडा द्या, आणि शेअर ईएसएम-जीएसएममध्ये असेल तर त्याच ओळीत एक खूण करा. सगळा डेटा त्यांच्याकडेच आहे. एवढं झालं तर अर्धे फॉरवर्ड आपोआप बंद होतील, कारण "बल्क डील, १८ लाख रुपये, निव्वळ शून्य" असा स्क्रीनशॉट कोण फिरवणार. एकाच माणसाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने किंवा एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) लावून येतं तेव्हा शोधणाऱ्याची फार दमछाक होते, त्याला पण काहीतरी ओळख क्रमांक देता आला, पॅन न दाखवता, तर मी पाचवा स्टार लगेच देईन.

कुणासाठी उपयोगी: ज्याच्याकडे छोट्या कंपनीचे शेअर्स आधीपासून आहेत आणि कोण बाहेर पडतंय ते बघायचंय त्याच्यासाठी एक नंबर. नवीन शेअर शोधायला ही यादी वापरायची असेल तर निदान शेअरहोल्डिंग पॅटर्न आणि अलॉटमेंटची पीडीएफ सोबत उघडल्याशिवाय वापरू नका. एनएसईवर मार्केट डेटामध्ये लार्ज डील्स म्हणून पान आहे, तिथेच बल्क, ब्लॉक आणि शॉर्ट सेलिंग असे तीन टॅब मिळतात. बीएसईवर बल्क आणि ब्लॉक डील्स असं शोधलं की येतं. बाजार बंद झाल्यावर लगेच बघू नका, संध्याकाळी बघा.